शंख होता, जागल्या नव्हता: 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मधल्या नेतृत्वाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी धुळ्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. दर हिवाळ्यात काही विद्यार्थी आणि गावाकडचे काही वाचनवेडे मित्र मिळून आम्ही एक कादंबरी सावकाश वाचतो. विल्यम गोल्डिंगच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'वर आमच्यात जेवढे वाद झाले तेवढे दुसऱ्या कुठल्याच पुस्तकावर झाले नाहीत. त्या वाचनात पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे देतो आहे. गोष्ट शेवटासकट उघड होणार आहे, तेव्हा कादंबरी वाचली नसेल तर आधी ती वाचा.

गोष्ट थोडक्यात सांगाल का?

युद्ध चालू आहे. इंग्लंडमधल्या मुलांना सुरक्षित जागी घेऊन जाणारं विमान एका निर्मनुष्य बेटावर कोसळतं. एकही मोठा माणूस उरत नाही, उरतात साधारण सहा ते बारा वर्षांचे मुलगे. राल्फला शंख सापडतो, तो फुंकून सगळ्यांना एकत्र केलं जातं आणि मतदानाने राल्फ प्रमुख होतो. चर्चच्या गायनपथकाचा म्होरक्या जॅक हरतो, पण शिकाऱ्यांचा नायक बनतो. डोंगरावर धुराचा जाळ पेटता ठेवायचा, म्हणजे एखादं जहाज बघेल आणि सुटका होईल, अशी राल्फची योजना असते. जॅकला डुकराची शिकार हवी असते. बेटावर कसलं तरी श्वापद आहे ही भीती वाढत जाते, जॅक वेगळी टोळी काढतो, सायमन आणि पिगी ही दोन मुलं मारली जातात, आणि शेवटी राल्फचीच शिकार सुरू होते.

कादंबरी १९५४ सालची. गोल्डिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते आणि नंतर सॅलिसबरी गावात शाळामास्तर. मुलगे कसे भांडतात, कसे गट करतात, हे त्यांनी रोज वर्गात पाहिलेलं होतं. १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं.

लोकशाहीवादी आणि हुकूमशाही नेतृत्व हे शब्द कुठून आले?

शब्द जुनेच आहेत, पण 'नेतृत्वाच्या शैली' म्हणून त्यांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला. कुर्ट लेविन हे मूळचे जर्मनीतले ज्यू मानसशास्त्रज्ञ, नाझी आल्यावर १९३३ साली देश सोडून गेलेले. आयोवा विद्यापीठात त्यांनी लिपिट आणि व्हाइट या सहकाऱ्यांबरोबर दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले. १९३९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. एका गटात मोठा माणूस सगळं स्वतः ठरवून हुकूम सोडायचा, दुसऱ्या गटात मुलांना विचारून काम ठरायचं, तिसऱ्यात मुलांना मोकळंच सोडलं होतं.

हुकूमशाही गटात काही मुलं एकमेकांवर उखडत आणि काही नुसती गप्प होत. हुकूम सोडणारा खोलीबाहेर गेला की काम थांबायचं. विचारून चालणाऱ्या गटात तो नसतानाही काम चालू राहायचं. आणि दोन्ही अनुभवलेल्या २० मुलांपैकी १९ जणांना लोकशाहीवादी नेताच जास्त आवडला होता.

यातल्या पहिल्या प्रयोगात मुलांना करायला दिलेलं काम होतं मुखवटे बनवण्याचं. गोल्डिंगचा जॅक तोंडाला रंग फासून मुखवटा चढवतो आणि त्यामागे लपून मोकळा होतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण कादंबरी शिकवताना हा योगायोग माझ्या मनातून जात नाही.

राल्फ निवडून आला तो कशाच्या जोरावर?

खरं तर फारशा कशाच्या नाही. गोल्डिंग स्पष्ट लिहितात की मुलांकडे ठोस कारण नव्हतं. शंख कसा फुंकायचा हे पिगीला ठाऊक, बुद्धी पिगीची. पुढारपणाची सवय जॅकला. राल्फजवळ काय, तर अंगापिंडाने भक्कम, दिसायला देखणा, शांत बसलेला, आणि मांडीवर शंख. मुलांनी मत दिलं ते त्या चित्राला.

त्याच निवडणुकीत जॅकच्या गायनपथकाने जॅकला मत दिलं, पण कसं? कंटाळलेल्या आज्ञाधारकपणाने. म्हणजे पहिल्याच मतदानात एका बाजूला रूप आणि दुसऱ्या बाजूला सवय. विचार करून हात वर करणारा जवळपास कोणी नव्हता.

आणि मग राल्फ पहिली मोठी चूक करतो. हरलेल्या जॅकचा चेहरा पडलेला बघून त्याला वाईट वाटतं आणि तो म्हणून टाकतो की गायनपथक अर्थातच तुझं. हे उदार मनाने केलं होतं, पण त्यामुळे बेटावर शिस्त लागलेला एकुलता एक गट जॅकच्या खासगी मालकीचा झाला. पुढे त्याच गटाच्या हातात भाले आले. सभा सगळ्यांची आणि भाले एकाचे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी झाली. कादंबरीतली सगळ्यात महाग पडलेली भलाई म्हणून मी मुलांना हे वाक्य अधोरेखित करायला लावतो.

राल्फच्या कारभारात लोकशाही नेमकी कुठे दिसते?

शंख ज्याच्या हातात त्याला बोलू द्यायचं, हा नियम सगळ्यात मोठा. सहा वर्षांचं पोरही शंख हातात घेऊन उभं राहिलं तर बाकीच्यांनी ऐकायचं. दुसरं म्हणजे राल्फ स्वतःला नियमांच्या वर ठेवत नाही. तिसरं, जोखमीच्या वेळी तो पुढे होतो: श्वापद शोधायला किल्ल्यासारख्या खडकाकडे जाताना सगळे मागे थबकतात तेव्हा तो एकटा पुढे जातो. पाय त्याचेही लटपटत असतात.

आणि तो दूरचं बघतो. जाळ आज पोट भरत नाही. जाळ उद्यासाठी असतो.

मग त्याचं चुकलं कुठे?

आमच्या वाचनात सर्वांत जास्त वेळ या प्रश्नावर जातो, आणि माझं मत मी आधीच सांगून टाकतो. बेटावरची लोकशाही जॅकने मारली त्याच्या कितीतरी आधी ती आतून पोकळ झाली होती. सभेत ठरायचं, टाळ्या पडायच्या, आणि काम कुणीच करायचं नाही.

झोपड्यांचा हिशेब बघा. पहिली झोपडी बांधायला सगळे. दुसरीला चार जण. तिसरीला उरले फक्त राल्फ आणि सायमन. तिसरी म्हणूनच डगमगती. हे वाचलं तेव्हा रावेरकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हे तर आमच्या भरीत पार्टीसारखं आहे." ती म्हणाली ते खरंच होतं. हिवाळ्यात शेतात भरिताचा बेत ठरतो तेव्हा ठरवताना वीस जण असतात. कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायला, धुरात डोळे चोळत साली काढायला, मिरच्या-लसूण ठेचायला शेवटी तेच चार हात. पुऱ्या तळून झाल्या की पुन्हा वीस. पार्टीत हे खपून जातं. बेटावर खपत नाही.

पाण्याचंही तसंच. नारळाच्या करवंट्या नदीवरून भरून आणून पानांखाली ठेवायच्या असं सभेत ठरतं. काही दिवस भरतात, मग रिकाम्या. शौचाला ठरलेल्या खडकांपलीकडे जायचं ठरतं, तेही पाळलं जात नाही. राल्फ हे सगळं पाचव्या प्रकरणातल्या सभेत एकेक करून मांडतो, आणि मांडतो चांगलं. पण हे काम कुणाचं, पाळीचा दिवस कुठला, पाळी चुकवली तर काय, याबद्दल तो एक शब्द बोलत नाही. तो फक्त कळकळीने पुन्हा सांगतो.

इथे मला माझे आजोबा आठवतात. आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. पांझरेवर फड बागायतीची पद्धत कित्येक पिढ्यांपासून चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि खालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. उसाचा फड यंदा इथे असेल तर पुढे तिथे. पाणी कमी पडलं तर कुठला फड कोरडा ठेवायचा ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस जायचा.

यातलं मोलाचं कलम वेगळंच आहे. ठरवणं गावाचं, पण ठरलेलं अमलात आणायला गावानेच नेमलेली माणसं. पाणी देणार तो पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः चारीला हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा बागायतदार असो. राखण करणार तो जागल्या. त्यांचा मोबदला गावच देणार, म्हणून ते गावाला बांधील. आजोबा सांगत की पाटकऱ्याशी तंडायला जाणाऱ्याला घरचेच मागे ओढत, कारण आज मी वाकडं पाणी घेतलं तर उद्या माझ्या वरचा घेईल.

राल्फकडे शंख होता. त्याच्याकडे पाटकरी नव्हता आणि जागल्या नव्हता. जाळाची राखण त्याने जॅकच्या शिकाऱ्यांवर सोपवली. ज्यांना शिकारीला जायचं होतं तेच जाळाचे राखणदार. आणि ज्या दिवशी क्षितिजावर जहाज दिसलं त्या दिवशी जाळ विझलेला होता, कारण राखणदार डुकरामागे गेले होते.

नेता स्वतः राबला तर लोक आपोआप राबतात ना?

नेहमी नाही. अमळनेरला साने गुरुजी छात्रालयात मुलांचे कपडे धूत, खोल्या झाडत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा मुलांवर परिणाम झाला, कारण गुरुजींच्या राबण्यात तक्रार नव्हती. शिवाय ते मुलांशी रोज बोलत होते. 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक ते रात्र जागून मुलांसाठी लिहीत. राल्फही राबतो, पण त्याचा राग साचत जातो, आणि तो राग तो सायमनजवळ किंवा जॅकजवळ बोलून दाखवतो. बाकीच्या मुलांना ते कळतही नाही. बारा वर्षांच्या पोराकडून आणखी काय अपेक्षा करायची, हाही प्रश्न आहेच.

जॅक पहिल्यापासून हुकूमशहाच असतो का?

बहुतेक विद्यार्थी हो म्हणतात. मी त्यांना दुसरं प्रकरण पुन्हा वाचायला सांगतो. 'आपल्याला नियम हवेत, आपण काही रानटी नाही' अशा अर्थाचं बोलणं त्या प्रकरणात जॅकच्या तोंडी आहे. नियमांची त्याला हौस आहे. मात्र त्याचं लक्ष कुठे आहे बघा: भरपूर नियम करू, आणि ते मोडणाऱ्याला मग... तिथे त्याचे डोळे चमकतात. राल्फला नियम हवेत ते सगळ्यांना बोलता यावं म्हणून. जॅकला हवेत ते शिक्षा करता यावी म्हणून. शब्द एकच.

बाकी खुणा पहिल्या दर्शनापासून आहेतच. रणरणत्या उन्हात काळे झगे घालून तो पथकाला रांगेत चालवत आणतो, सायमन चक्कर येऊन पडतो, आणि जॅकला त्याचं काही वाटत नाही. तरी पहिलं डुकराचं पिल्लू समोर आलं तेव्हा त्याचा सुरा हवेतच थांबतो, ही गोष्टही विसरू नका. गोल्डिंग त्याला घडत जाताना दाखवतात.

जॅककडे मुलं जातात ती मांसासाठीच ना?

मांस हे पहिलं कारण. आमच्या वाचनात बसणारे एक कापूस उत्पादक काका चौथं प्रकरण ऐकून म्हणाले, "जो खावाले दी, त्यानाच मांगे लोक जातीन." निवडणुकीच्या हंगामात गावोगाव उठणाऱ्या पंगती बघितलेल्या माणसाचं ते बोलणं होतं.

पण शिकारीनंतरच्या त्या मेजवानीच्या प्रसंगात आणखी एक धागा आहे. जॅक पिगीला मांस नाकारतो. सायमन आपला तुकडा पिगीला देतो. त्यावर जॅक चवताळून सायमनकडे दुसरा तुकडा फेकतो आणि ओरडतो की मी तुम्हाला मांस आणून दिलं. त्याला खाऊ घालण्यात आनंद नाही, त्याला पावती हवी आहे. सायमनने जे केलं ते वाटून खाणं, आणि वाटून खाल्लं की कुणीच कुणाचं मिंधं होत नाही. जॅकला नेमकं तेच सहन होत नाही.

त्याच प्रसंगात जॅक जाळ विझल्याबद्दल माफीही मागतो, आणि पोरं त्याचं कौतुक करतात. जहाज निघून गेलं, पण मोठ्या मनाचा ठरला जॅक. राल्फ तेव्हा रागाने गप्प उभा राहतो. तो बरोबर असूनही तिथे हरतो.

भीतीचा आणि नेतृत्वाचा काय संबंध?

फार जवळचा. लहानग्यांना रात्री श्वापदाची भीती वाटते. राल्फ म्हणतो श्वापद नाही. जॅक म्हणतो असेल तर मी मारीन. रात्री घाबरलेल्या पोराला यातलं कुठलं उत्तर धीर देईल?

पाचव्या प्रकरणात राल्फ भुतं आहेत की नाहीत यावर मतदान घेतो. अंधारात बरेच हात वर जातात. कुठल्या गोष्टी बहुमताने ठरवायच्या आणि कुठल्या तपासून, हे तो क्षणभर विसरला. सभेचा दिवस कुठला, झोपडी कुठे बांधायची, हे मतावर ठरू शकतं. भूत मतावर ठरत नाही. पांझरेकाठी कुठल्या फडाला पाणी द्यायचं हे सगळे मिळून ठरवत, पण बंधाऱ्यात पाणी किती आहे ते जाऊन बघावंच लागे.

उजेडात अगदी जवळ जाऊन बघतो एकटा सायमन. डोंगरावरचं 'श्वापद' म्हणजे हवाई छत्रीत अडकलेलं एका मेलेल्या वैमानिकाचं शरीर आहे हे त्याला कळतं, आणि तेच सांगायला खाली आलेल्या सायमनला नाचणारी टोळी श्वापद समजून मारते. त्या नाचाच्या रिंगणात राल्फ आणि पिगीही असतात, हे उत्तरात लिहायला बरेच जण विसरतात.

त्यानंतर जॅक काय करतो? श्वापद मेलं असं तो सांगत नाही. ते पुन्हा येईल, वेगळ्या रूपात येईल, असं सांगतो. भीती संपली तर रखवालदाराची गरज संपते, हे त्याला उमगलेलं आहे.

आठव्या प्रकरणात राल्फविरुद्ध एकही हात वर होत नाही. मग थोड्याच वेळात मुलं जॅककडे कशी जातात?

हा प्रश्न विचारणाऱ्याने कादंबरी नीट वाचली आहे. जॅक स्वतः शंख फुंकून सभा बोलावतो आणि विचारतो की राल्फ प्रमुख नसावा असं कुणाला वाटतं. कोणी हलत नाही. दुसऱ्यांदा विचारतो, तरी नाही. अपमानाने त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, मी तुमच्यात नाही म्हणून तो निघून जातो. आणि मग एकेक करून मोठी मुलं गुपचूप नाहीशी होतात.

गावच्या ग्रामसभेला बसलेल्यांना यात नवल वाटत नाही. ठराव वाचला जातो, विरोध कुणाचा? कुणाचाच नाही. बाहेर टपरीवर चहा घेताना निम्मे लोक विरोधात. उघड हात वर करताना माणूस समोरच्याचा चेहरा बघतो, शेजाऱ्याचा चेहरा बघतो. ती शांतता राल्फने संमती समजली. जॅकनेही ती नकार समजली. दोघांचंही चुकलं, फक्त जॅकने निघून जाऊन मुलांना पायांनी मत देण्याची वाट मोकळी केली.

राल्फने त्या दिवशी 'तुम्हाला काय खुपतंय ते सांगा' असं विचारलं असतं तर? आमच्यात यावर दोन तट आहेत. मला वाटतं काहीजण थांबले असते.

पिगी एवढा शहाणा, मग तो प्रमुख का होत नाही?

जाड आहे, दमा आहे, जाड काचेचा चष्मा आहे. आईवडील नाहीत, आंटीने वाढवलेला, तिचं गोळ्या-चॉकलेटचं दुकान. आणि त्याचं इंग्रजी बाकीच्या मुलांसारखं 'शुद्ध' नाही. मराठीत सांगताना ही शेवटची गोष्ट हरवते, म्हणून मी ती मुद्दाम उलगडतो. पिगीचं व्याकरण कामगारवर्गातल्या घरातलं आहे. तो तोंड उघडतो तेव्हाच इतर मुलं त्याची पायरी ठरवून टाकतात.

आमच्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. एखादा साक्रीकडचा मुलगा 'मी आलो'ऐवजी 'मी उनू' म्हणून जातो आणि मागच्या बाकांवर हशा पिकतो. मी स्वतः खेड्यातून शहरातल्या शाळेत आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात असा हशा ऐकला आणि पुढे वर्षभर वर्गात हात वर केला नाही. उत्तरं येत होती. त्या वर्गाचं त्यात काय गेलं ते वर्गाला कधीच कळलं नाही.

राल्फला पिगीची गरज कळते, पण उशिरा. पिगी हे नाव गुपित ठेव अशी त्याने विनवणी केलेली असते आणि राल्फ ते पहिल्याच सभेत सगळ्यांसमोर फोडतो. कादंबरीभर पिगीचं खरं नाव आपल्याला समजत नाही. शंख सगळ्यांना बोलू देतो असं म्हणतात, पण शंख हातात असूनही पिगीला गप्प केलं जातं, आणि ते थांबवायला राल्फ क्वचितच उठतो. बोलण्याचा हक्क दिला आणि ऐकण्याची सवय लावली नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो. शेवटी पिगी आणि शंख एकाच दगडाखाली संपतात.

रॉजरचं काय?

रॉजर हा जॅकच्या गायनपथकातला मुलगा. सुरुवातीला तो एका लहान मुलाभोवती दगड मारतो, पण मुद्दाम चुकवून. मुलाभोवती काही यार्डांचं एक वर्तुळ आहे, त्याच्या आत दगड टाकायचा हात होत नाही. आईबाप, शाळा, पोलीस यांचा धाक अजून त्या हातात आहे. जॅकच्या राज्यात तो धाक उतरतो, आणि पिगीवर शिळा ढकलणारा रॉजरच असतो. हुकूमशहाला असा एक माणूस लागतो आणि असा माणूस हुकूमशहाची वाट बघत असतो.

पिगीच्या चष्म्याने खरंच जाळ पेटेल का?

नाही. पिगीला लांबचं दिसत नाही. तशा चष्म्याची काच अंतर्गोल असते, ती किरण एकत्र आणत नाही, पसरवते. गोल्डिंग यांची ही चूक प्रसिद्ध आहे. विज्ञान शाखेची मुलं दरवर्षी ती पकडतात आणि दरवर्षी मला आनंद होतो.

यात मुली का नाहीत?

गोष्ट मुलग्यांच्या शाळांमधल्या मुलग्यांची आहे. जुन्या इंग्रजी साहसकथांमध्ये बेटावर अडकलेले शूर मुलगे असत, आणि गोल्डिंगना तीच गोष्ट उलटून दाखवायची होती. १८५७ सालच्या अशाच एका कथेतली राल्फ आणि जॅक ही नावंही त्यांनी उचलली. म्हणून 'माणूस असाच असतो' असा निष्कर्ष या कादंबरीतून काढताना जपून राहा. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या सभांमध्ये बसलेली बाई हे पुस्तक वाचून काय म्हणेल, हे मला एकदा सविस्तर ऐकायचं आहे.

खरी मुलं अशी वागतात का?

एक खरी घटना आहे. १९६५ साली टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं एका होडीतून निघाली, वादळात सापडली आणि अटा नावाच्या ओसाड बेटावर जाऊन पडली. तिथे ती सुमारे १५ महिने राहिली. १९६६ साली पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला ती सापडली. मुलांनी जोड्या करून कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, पेटवलेली आग विझू दिली नव्हती, भांडण झालं तर भांडणाऱ्यांना शांत होईपर्यंत वेगळं बसवत होते. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून बरा केला.

याने गोल्डिंग खोटे ठरतात का? मला तसं वाटत नाही. ती सहा जण होती, एकमेकांना ओळखणारी, एकाच शाळेतली. पण पाळ्या लावल्या होत्या, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो.

शेवटी लोकशाही जिंकते का?

राल्फला मारण्यासाठी जॅकची टोळी जंगल पेटवते. तो धूर बघून युद्धनौका येते. नौदलाचा अधिकारी विचारतो, इथला प्रमुख कोण? राल्फ मोठ्याने म्हणतो, मी. जॅक एक पाऊल पुढे येतो आणि थांबतो. मागे काहीच उरलेलं नसताना, स्वतःच्या नावावर दोन मेलेली मुलं येणार हे माहीत असताना राल्फ जबाबदारी घेतो. माझ्या मते तो खरा प्रमुख त्या एका शब्दात होतो. याला जिंकणं म्हणता येणार नाही. आणि ज्या अधिकाऱ्याने वाचवलं त्याच्या कमरेला पिस्तूल आहे, तो स्वतः माणसं मारायच्या मोहिमेवर निघालेला आहे.

परीक्षेत दोन रकाने करून 'राल्फ: लोकशाही, जॅक: हुकूमशाही' असं लिहिलं तर चालेल?

पास व्हाल. चांगलं उत्तर हवं असेल तर रकाने जिथे मोडतात ते प्रसंग घ्या. राल्फ शिकारीच्या खेळात डुक्कर झालेल्या रॉबर्ट नावाच्या मुलाला टोचायला धावतो. जॅक रीतसर मत मागतो. राल्फ पिगीचं नाव फोडतो. मग प्रत्येक प्रसंगाला चार गोष्टी विचारा: ठरवलं कुणी, विचारलं कुणाला, केलं कुणी, आणि नाही म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त बोलतं.

मराठीत वाचायला मिळेल का?

जी. ए. कुलकर्णी यांनी केलेला अनुवाद आहे. इंग्रजी जड जात असेल तर आधी तो वाचा, मग पहिलं, पाचवं आणि आठवं प्रकरण मूळ इंग्रजीत वाचा.

वर्गात वाचून दाखवायला एकच प्रसंग निवडायचा झाला तर?

सगळे पिगीचा मृत्यू निवडतात. मी दहाव्या प्रकरणातली एक छोटी जागा वाचतो. जॅकच्या खडकावर विल्फ्रेड नावाच्या मुलाला तासन्‌तास बांधून ठेवलेलं आहे, त्याला मार बसणार आहे. रॉजर विचारतो, कशासाठी? रॉबर्ट म्हणतो, माहीत नाही, प्रमुखाने सांगितलं नाही. इतकंच. विल्फ्रेडने काय केलं होतं ते कादंबरीत शेवटपर्यंत येत नाही. मी पुस्तक मिटतो आणि वर्गाला विचारतो की तुम्ही रॉबर्टच्या जागी असता तर दोरीची गाठ मारण्याआधी काय विचारलं असतं. मग मी थांबतो, आणि जो मुलगा वर्षभर बोललेला नाही त्याच्याकडे बघतो.